भावना बोलायला शिकवणारे सहा शनिवार

निवृत्तीनंतर घरात दोनच माणसे उरली की त्यांचे बोलणे दूध, औषधे आणि गॅसचा नंबर यांपुरते आटत जाते, हे आमच्या लक्षात येण्याआधी आमच्या मुलीच्या लक्षात आले. तिने बंगळुरूहून परस्पर पैसे भरले आणि पुण्यात कर्वे रस्त्याच्या आसपास भरणाऱ्या, जोडप्यांना ‘भावनिक संवाद’ शिकवणाऱ्या एका कार्यशाळेत आम्हा दोघांची नावे घातली. सहा शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेसात, जोडप्यामागे ६,००० रुपये, अकरा जोडपी, दोन प्रशिक्षक आणि एक ६४ पानांची कार्यपुस्तिका, असा एकूण प्रकार होता. संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण असाच अभ्यासक्रम थोड्याफार फरकाने इतरही ठिकाणी शिकवला जातो आणि माझे म्हणणे एका संस्थेपेक्षा त्या शिकवण्याच्या रीतीविषयी अधिक आहे. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवले, त्यामुळे माझे लक्ष शब्दांकडे जरा जास्त जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

पहिल्या शनिवारी पडद्यावर झळकलेल्या पहिल्याच आकडेवारीने माझा अर्धा उत्साह घालवला. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो, असे आम्हाला सांगण्यात आले. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधील दोन प्रयोगांवरून आलेले आहेत. पण ते प्रयोग होते सुट्या शब्दांचे. एखादा शब्द आपुलकीच्या, तटस्थ किंवा नावडीच्या स्वरात ऐकवायचा, दुसऱ्या प्रयोगात त्याच्या जोडीला चेहऱ्याचे छायाचित्र दाखवायचे, आणि बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, याचा अंदाज करायला सांगायचे, एवढाच त्यांचा आवाका होता. आवडनावड सांगताना शब्द एक बोलत असतील आणि स्वर दुसरेच, तर माणसे स्वरावर आणि चेहऱ्यावर अधिक विसंबतात, इतकाच त्यातून निघणारा अर्थ. ही टक्केवारी सगळ्या बोलण्याला लावू नये, असे खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलेले आहे. शब्दांचे वजन खरोखर सातच टक्के असते, तर आमच्या शेजारच्या तेलुगू कुटुंबातील भांडणे एव्हाना मला जवळजवळ पूर्ण समजायला हवी होती. वर्ग सुटल्यावर मी हे प्रशिक्षिकेच्या कानावर घातले. तिने ते ऐकून घेतले आणि पुढच्या शनिवारी सर्वांसमोर दुरुस्ती केली, ही गोष्ट मला त्या आकडेवारीच्या चुकीपेक्षा मोठी वाटते.

शिवाय त्याच संध्याकाळी तिने जो खेळ घेतला, तो पुस्तिकेत नव्हता आणि सहा आठवड्यांतील उत्तम गोष्टींपैकी एक होता. नवऱ्यांना पाठ करून बसवले आणि बायकांना फक्त ‘अहो’ एवढेच म्हणायला सांगितले, तेही सात प्रकारे: साधी हाक, विनंती, तक्रार, सावधगिरीची सूचना, कंटाळा, लाड, आणि पाहुण्यांसमोर ‘आता पुरे करा’ म्हणून जो दबक्या आवाजात घातला जातो तो. दोन तरुण जोडप्यांत ‘अहो’ मुळी नव्हतेच, त्यांनी नावे घेऊन निभावले. आमच्या यजमानांनी सातांपैकी सहा ओळखले. चुकला तो लाडाचा. तो फार दिवसांत कानावर आला नव्हता, असा त्यांचा खुलासा. सगळे हसले, मीही हसले, पण घरी येताना रिक्षात तो खुलासा माझ्या डोक्यातून गेला नाही.

दुसरा शनिवार चेहऱ्यांचा होता. सहा छायाचित्रे, सहा भावना: आनंद, दुःख, राग, भीती, किळस आणि आश्चर्य. यामागे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांचे काम आहे. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या पापुआ न्यू गिनीतील फोरे लोकांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अशी छायाचित्रे दाखवली आणि चेहऱ्यावरील मूळ भाव जगभर सारखेच ओळखले जातात, असा निष्कर्ष मांडला. कार्यशाळेत हा निष्कर्ष निर्विवाद असल्याप्रमाणे सांगितला गेला, जो तसा राहिलेला नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नामिबियातील हिम्बा लोकांना भावनांची नावे न सांगता छायाचित्रांचे हवे तसे गट करायला सांगितले, तेव्हा त्यांचे गट अमेरिकेतील लोकांच्या गटांशी जुळले नाहीत. आमच्या सभागृहातही निम्म्या लोकांनी भीतीला आश्चर्य म्हटले.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ज्या चेहऱ्यांनी संसारात गोंधळ होतो, ते असे उघडे चेहरे नसतातच. भरताच्या नाट्यशास्त्रात ४९ भाव सांगितले आहेत, आठ स्थायी म्हणजे मनात टिकून राहणारे, तेहतीस व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे आणि आठ सात्त्विक म्हणजे अंगावर आपोआप उमटणारे. त्या तेहतिसांत ‘अवहित्था’ नावाचा एक भाव आहे, आणि त्याचा अर्थ मनात आलेला भाव चेहऱ्यावर कळू न देणे. लपवणे हीसुद्धा एक भावावस्था आहे आणि तिलाही ओळखण्याच्या खुणा आहेत, हे त्या ग्रंथकर्त्याने जाणले होते: विषय बदलणे, दुसरीकडे पाहणे, उसने धैर्य आणणे. सासरी पहिली दहा वर्षे काढलेल्या कोणत्याही बाईला हा भाव शिकवावा लागत नाही. सहा परदेशी चेहऱ्यांवर दीड तास घालवण्याऐवजी ‘काही नाही’ असे म्हणणाऱ्या एका माणसाचा चेहरा जरी दाखवला असता, तरी आमच्या पदरात अधिक पडले असते.

आता पुस्तिकेविषयी. तिच्या तिसऱ्या पानावर भावनांचे एक रंगीत चक्र आहे. रॉबर्ट प्लुचिक यांनी १९८० मध्ये मांडलेल्या आठ पाकळ्यांच्या चक्रावर ते आधारलेले आहे, आणि आपल्याला नेमके काय होत आहे त्याला नाव द्यावे, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या चित्रणाच्या साहाय्याने दाखवले होते की, चेहऱ्यावरील भावनेला शब्दांत नाव देताना भीतीसारख्या भावनांशी निगडित असलेल्या मेंदूतील अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. नाव देण्याला असे मोल असेल तर नाव आपले असायला नको काय? या पुस्तिकेतील नावे उसनी आहेत. एका पाकळीवर ‘अपेक्षा’ असे छापले आहे. मूळ कल्पना पुढे काय होणार याकडे लागलेल्या चित्ताची आहे, पण मराठीत अपेक्षा ही माणसाकडून ठेवली जाते आणि बहुधा ती भंगण्यासाठीच असते. हुरहुर हा शब्द तिथे किती चपखल बसला असता! त्याच पुस्तिकेत घालमेल नाही, चुटपुट नाही, वैताग नाही, उमाळा नाही, जीव टांगणीला लागणे नाही. आहेत ती वाक्ये अशी: ‘मी असुरक्षित अनुभवत आहे’, ‘मला ऐकले गेल्यासारखे वाटत नाही’. आणि एका पानावर तर ‘मी तुझ्या भावनांसाठी जागा धरून ठेवते’ असे वाक्य जोडीदाराच्या डोळ्यांत पाहून तीनदा म्हणायचे होते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ज्यांनी जागा धरलेली आहे, अशा आमच्या वयाच्या चारही जोडप्यांना ते गंभीर चेहऱ्याने म्हणता आले नाही.

हे केवळ भाषांतराच्या ढिसाळपणाबद्दल नाही, हे तिसऱ्या शनिवारी स्पष्ट झाले. त्या दिवशी विषय रागाचा होता. प्रशिक्षकांनी सांगितले की ‘मला राग आला’ हे वाक्य जबाबदारी झटकणारे आहे. राग जणू बाहेरून चालत आला, असा त्याचा सूर आहे. म्हणून यापुढे ‘मी राग निवडला’ असे म्हणावे. मला हे मुळीच पटले नाही. मराठीत राग येतो, भीती वाटते, वाईट वाटते, कंटाळा येतो, आनंद होतो. या सगळ्या वाक्यांत माणूस कर्त्याच्या जागी नसतो, ‘मला’ म्हणून एका बाजूला असतो आणि भावना त्याच्याकडे येते. पण एकदा राग आल्यानंतर पुढे काय, याची क्रियापदे आपल्या भाषेत वेगळी आहेत, आणि तिथे माणूस कर्ता होतो. राग येतो, पण तो मी धरते, मी गिळते, मी आवरते, मी भांड्यांवर काढते. येण्यावर माझा ताबा नाही. धरण्यावर आणि काढण्यावर आहे. जी जबाबदारी शिकवण्यासाठी प्रशिक्षकांना एक नवे, अवघडलेले वाक्य घडवावे लागले, ती आमच्या आज्यांच्या बोलण्यात आधीच अचूक जागी बसलेली होती. ‘राग येऊ दे, धरू नकोस’ हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे, आणि याहून स्पष्ट सूचना मला त्या पुस्तिकेत सापडली नाही. मी हे वर्गात बोलून दाखवले तेव्हा एका तरुण नवऱ्याने लगेच विचारले की, दुसऱ्याचा राग कुणावर काढला हे कसे ओळखायचे. आणि त्यानंतरची वीस मिनिटे साहेबाचा राग घरी, सासूचा राग मुलावर आणि मुलाच्या निकालाचा राग बायकोवर कसा निघतो, यावर जी चर्चा झाली ती पडद्याकडे न पाहता झाली.

रुसव्याचेही असेच आहे. रुसणे म्हणजे रागावणे नव्हे; समजूत काढायला येईल अशी खात्री असलेल्या माणसावरच माणूस रुसतो. रिक्षावाल्यावर कुणी रुसत नाही. चक्रात रुसव्याला जागा नसल्याने तो रागाच्या पाकळीत कोंबला गेला, आणि अबोला तर थेट दोषांच्या यादीत गेला. जॉन गॉटमन यांनी जोडप्यांच्या अभ्यासातून घातक अशा चार सवयी सांगितल्या आहेत: दोषारोप, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि भिंतीसारखे गप्प होणे. यांतील चौथीला प्रशिक्षकांनी अबोला म्हटले. गॉटमन ज्याविषयी बोलतात, तिथे माणूस संवादातून बाहेर पडलेला असतो, समोरच्याचे काही त्याच्यापर्यंत पोचतच नसते. आपल्याकडील अबोल्यात मात्र बोलणे बंद ठेवून बाकी सगळे चालू असते. ‘बाबांना सांग, पान वाढलंय’ हा निरोप चार फुटांवर बसलेल्या माणसासाठी असतो आणि त्याला तो ऐकूही येत असतो. मी अबोल्याची तरफदारी करत नाही. निरोप नेणाऱ्या मुलीचे त्यात काय होते, हे ती मोठी झाल्यावर मला तिच्याकडून कळले आहे. पण दोन्ही गोष्टी एक समजल्या, तर अबोला सोडवण्याची जी वाट त्या वाढलेल्या पानातच असते, ती दिसत नाही.

चार पायऱ्यांचे वाक्य हा या अभ्यासक्रमाचा कणा आहे. मार्शल रोझेनबर्ग यांच्या अहिंसक संवादाच्या पद्धतीत आधी घडलेली गोष्ट ठपका न ठेवता सांगायची, मग भावना, मग गरज आणि शेवटी विनंती असा क्रम असतो. क्रम चांगला आहे. पण ‘गरज’ हा शब्द मराठीत फार हलक्या आवाजात बोलला जातो, गरजवंताला अक्कल नसते असे आपण म्हणतो, आणि ‘मला आदराची गरज आहे’ असे म्हणणारी बाई पदर पसरल्यासारखी दिसू लागते. ‘चारचौघांत माझे म्हणणे खोडले नाही तर मला बरे वाटेल’ हे त्याच पायरीचे मराठी आहे. साठीच्या पुढच्या एका बाईंची अडचण याहून वेगळी होती: पुस्तिकेतील प्रत्येक वाक्यात ‘तू’ होते, आणि चाळीस वर्षे अहो-जाहो केलेल्या नवऱ्याला समानतेसाठी ‘तू’ म्हणावे, असा आग्रह झाला. बाईंनी थोडा वेळ विचार केला आणि सर्वनामच गाळून वाक्य म्हटले: ‘घरी यायला उशीर होतो, फोन येत नाही, जीव खालीवर होतो, एक फोन यावा.’ घटना, भावना, विनंती सगळे त्यात होते आणि आग्रहही मागे पडला. प्रशिक्षिकेने ते वाक्य फळ्यावर लिहायला हवे होते. तिने ते लिहिले नाही.

एवढी नाराजी व्यक्त केल्यानंतर, चौथ्या शनिवारसाठी मी सगळे पैसे पुन्हा भरेन, असे म्हणणे विसंगत वाटेल. पण ते खरे आहे. त्या दिवशी ऐकण्याचा सराव होता. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये ज्याला सक्रिय श्रवण म्हटले, त्याचा हा साधा प्रकार: एकाने पाच मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने सल्ला द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, सांत्वन करायचे नाही; शेवटी फक्त आपण काय ऐकले ते आपल्या शब्दांत सांगायचे आणि ‘बरोबर आहे का?’ असे विचारायचे. ऐकायला हे पोरकट वाटते. आमच्या घरात मात्र तीस-पस्तीस वर्षांत हे एकदाही घडलेले नव्हते. ‘आज जीव नकोसा झाला’ असे मी म्हटले की यजमान ‘मग पोळ्यांना बाई लाव’ असे म्हणत आले आहेत. त्यात काळजी असते, पण ती दुरुस्तीच्या रूपात येते, नळ गळू लागला की वायसर बदलावा तशी. त्यांचे थोरले भाऊ गेल्या श्रावणात गेले, तेव्हा मीही याहून वेगळे काही केले नव्हते. ते कधी गप्प बसलेले दिसले की मी ‘मनाला लावून घेऊ नका’ असे म्हणून चहा ठेवत असे.

त्या पाच मिनिटांतील पहिली दोन मिनिटे यजमान सभागृहातील पंख्याविषयी बोलले. मग म्हणाले की दादांचा नंबर त्यांनी अजून मोबाइलमधून काढलेला नाही, आणि रविवारी सकाळी नऊ वाजता, दादांचा फोन यायच्या वेळेला, ते मुद्दाम भाजी आणायला बाहेर पडतात. मला त्यांची ती रविवारची भाजी वर्षभर खटकत होती, कारण आमच्याकडे भाजी शनिवारीच आणलेली असते. नियमाप्रमाणे मला सांत्वन करता येत नव्हते. मी एवढेच म्हटले की, फोन वाजत नाही हे घरात बसून ऐकवत नाही, म्हणून तुम्ही बाहेर जाता. बरोबर आहे का? ते ‘हो’ म्हणाले. घंटा वाजली आणि पाळी बदलली. घरी आल्यावर आम्ही त्याविषयी बोललो नाही, पण त्या आठवड्यापासून रविवारी भाजीला दोघे जातो.

पाचव्या शनिवारविषयी लिहिण्यासारखे फार नाही; तो व्हॉट्सॲपवरील संदेश आणि इमोजी यांच्यावर गेला आणि आमच्या पिढीला त्यात कुटुंबाच्या ग्रुपवरील हात जोडलेल्या चिन्हाचे सहा अर्थ कळले.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे नोंदवायला हवी. नावे घेताना संस्थेने आम्हाला वय, व्यवसाय आणि लग्नाचे वर्ष विचारले. घरात मारहाण, धाक किंवा व्यसन आहे का, हे विचारले नाही. ज्या घरात बोलण्याची शिक्षा होते, तिथल्या बाईला नवऱ्यासमोर बसवून ‘मनातले मोकळेपणाने बोला’ असे सांगणे धोक्याचे आहे, कारण सभागृहात बोललेल्या वाक्याचा हिशेब घरी गेल्यावर होऊ शकतो. अशी चौकशी आधी, दोघांशी वेगवेगळी आणि खासगीत व्हायला हवी, आणि गरज असेल त्यांना कार्यशाळेत न घेता योग्य ठिकाणी पाठवायला हवे. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर संस्थेच्याच सशुल्क समुपदेशनाचा क्रमांक आहे. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोन-सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते; तो क्रमांक छापायला अर्धी ओळ पुरली असती.

ज्यांच्या घरात मूलभूत सुरक्षितता आहे पण बोलणे आटले आहे, त्यांनी अशा कार्यशाळेला जावे. पुस्तिका पिशवीत ठेवावी आणि ऐकण्याच्या सरावाच्या दिवशी गैरहजर राहू नये. तिशीतील जोडप्यांना चक्र आणि सूत्रे आमच्यापेक्षा सोपी गेली, हेही नमूद करते. त्यांचे भांडणच अर्धे इंग्रजीत चालते. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन गुण, त्यातील दोन एकट्या चौथ्या शनिवारचे. सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, जिना चढणीचा आणि अरुंद आहे, चहा वेळेवर मिळतो पण गोड फार असतो.

शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा कागद भरून द्यायचा होता. मी दोन्ही बाजू भरल्या आणि समासात रागाची क्रियापदे लिहून दिली. ‘या सहा आठवड्यांत आपल्याला काय वाटले?’ या प्रश्नाखाली दहा रेघा मोकळ्या सोडलेल्या होत्या. यजमानांनी पहिल्या रेघेवर ‘लिफ्ट हवी’ एवढेच लिहिले आणि कागद देऊन टाकला. त्यांचे गुडघे ठणठणीत आहेत.